नऊशे नव्वद दिवे

“हात धुतलेत ना, वहिनी?”

“धुतले.”

“आणि पुसलेत? ओलं बोट लागलं की तो भलतीकडेच जातो.”

मी पदराला पुन्हा एकदा हात पुसले. मग वन्संनी त्यांचा टॅब माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तान्हं मूल दुसरीच्या मांडीवर देताना आईला खालचा हात काढून घ्यायला जसा वेळ लागतो, तसा त्यांना लागला.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, वैजयंती. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. सांगलीलाच जिल्हा परिषदेत नोकरी, लग्न ठरून मोडलेलं, राहायला आमच्याच फ्लॅटमधली मागची खोली. त्या खोलीत कपड्यांना जागा कमी आणि गेमना जास्त. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे त्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी त्यांनी कुठूनकुठून जमवल्या होत्या. कोल्हापूरच्या जुन्या बाजारात जाऊन त्या गोणपाटावर उकिडव्या बसायच्या आणि मुठीएवढ्या कॅसेटीला फुंकर मारून बघायच्या. आमचे हे म्हणायचे, “वैजूला बघून भंगारवाले आता उठून उभे राहतात.”

पण टॅबमधला तो खेळ जुना नव्हता. परदेशातल्या दोघा बहीणभावांनी घरात बसून केलेला, अगदी साधा. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, घरात आम्ही त्याला ‘दिवा’च म्हणायचो. एक बेट, त्यावर दगडी खोपटं, खोपट्यात कोनाडा, कोनाड्यात दिवा. रोज एकदा जायचं. काजळी पुसायची, वात पुढे सरकवायची, तेल घालायचं, लावायचा आणि घंटा वाजवायची. पाच मिनिटांचं काम. एक दिवस चुकला की दिवा विझणार आणि भिंतीवरचा आकडा पुन्हा एकपासून. कुठलीही सबब चालत नाही, हाच तो खेळ.

“आणि हजारावा दिवा लागला, की मागचं दार उघडणार,” वन्संनी बोटाने दाखवलं. कोनाड्याच्या मागे खरंच एक बुटकं लाकडी दार होतं. “आत काय आहे, जगात कुणालाही माहीत नाही. पहिल्या दिवसापासून सुरू केलेले हजारो होते, वहिनी. आता सहा उरलोत. ब्राझीलची एक शिक्षिका, जपानचे एक आजोबा, कॅनडातले नवराबायको, पोलंडची एक नर्स आणि मी.”

“आज कितवा?”

“नऊशे शहाऐंशी. मी सकाळीच लावलाय. तुमचा उद्यापासून.”

वन्सं दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला इगतपुरीला निघाल्या होत्या. मौन पाळायचं, फोन कचेरीत जमा, घरचं कुणी मेलं तरी निरोप नाही. वर्षभर त्यांना झोप नव्हती, डॉक्टरांनीच सुचवलं होतं. दोनदा नाव घालून त्यांनी दिव्यापायी रद्द केलं होतं. ह्या वेळी डॉक्टर रागावले.

“दादाकडे दिला असता,” त्या म्हणाल्या, “पण तो विसरेल. तुम्ही काही विसरत नाही.”

“अगं, मी इथंच बसलोय,” हे पेपराआडून म्हणाले.

“तू परवा गॅसवर दूध ठेवून अंघोळीला गेलास, दादा.” मग माझ्याकडे वळून आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “वहिनी, मी एकही गोष्ट शेवटाला नेलेली नाही आजवर. गाण्याच्या परीक्षा तीन देऊन सोडल्या. एम.ए. राहिलं. लग्नाचं तर तुम्हाला माहीत आहे. हे एकच आहे. कराल ना?”

मी हो म्हटलं. मी हो म्हणतेच.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी बावन्नची होते, आणि माझा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लागायचा नाही, डोळाच उघडायचा. अंघोळ, मग धुतलेलं नेसून अकरा वाती, जप, पोथीचा एक अध्याय, पूजा, तुळशीला प्रदक्षिणा. मंगळवारी मिठाशिवाय जेवण. प्रदोष. शुक्रवारी पाच सवाष्णींना चणे-गूळ. चातुर्मासात एकवेळ. मला कुणी विचारलं की एवढं कसं जमतं, तर मी म्हणायची, सवय आहे. आणि सवय होतीच.

टॅबचं मी त्यातच बसवून टाकलं. त्या खेळातला दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, असं वन्संनी कागदावर लिहून ठेवलं होतं. साडेपाचपासून दुसऱ्या पहाटे साडेपाचपर्यंत कधीही लावा. म्हणजे सूर्योदयाला धरूनच झालं की. मी जप संपवून पावणेसहाला टॅब घ्यायची. पहिल्या दिवशी तेल सांडलं. दुसऱ्या दिवशी वात बरोबर सरकली. तिसऱ्या दिवशी दिवा लागल्यावर बेटावर उजेड पडला आणि खाली समुद्र दिसला, तेव्हा मी नकळत हात जोडले. हे चहा घेत होते. म्हणाले, “आता ह्या घरात दोन देवघरं.”

“करतेय तर करू द्या की.”

“मी कुठं काय म्हटलं? फक्त त्याला नैवेद्य दाखवू नकोस. शिरा तिकडे पोचायचा नाही.”

चौथ्या दिवशी सकाळी मी नऊशे नव्वदावा दिवा लावला, पूजा आटोपली, आणि साडेसातला वाईहून फोन आला. ह्यांचे चुलते नानाकाका पहाटे गेले. चौऱ्याण्णव वर्षांचे होते, अंथरुणाला खिळून होते. रडण्यासारखं नव्हतं तरी हे थोडे रडले, आणि आठच्या गाडीने वाईला गेले. जाताना म्हणाले, “सुतक धर. मी चौथ्या दिवशी येतो.”

मी देवघराची दारं लोटून घेतली. आमच्याकडे तशी पद्धत आहे. दहा दिवस पूजा नाही, दिवा नाही, पोथी नाही, तुळशीला पाणी घालायचं तेही शेजारणीने. अकराव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मग सगळं पूर्ववत.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं. मी बराच वेळ ते घड्याळ बघत राहिले, बंद पडलंय असं वाटून. मग उठून, अंघोळ न करता, चहा केला. गॅलरीत खुर्ची टाकून बसले. खाली दूधवाला, शाळेची रिक्षा, कुणीतरी गाडी धूत होतं. पायाच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांना तेल चोळलं. घरात कुणी नव्हतं. टॅब आत टेबलावर होता.

दहा वाजता समोरच्या बेबीताई मगदूम आल्या. आमची वीस वर्षांची ओळख. त्या जैन, पर्युषणात आठ-आठ उपास करणाऱ्या, त्यामुळे नेमाधर्माचं बोलायला मला त्यांच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं. आणि वैजयंतीचं त्यांना फार कौतुक. तिचा आकडा त्या रोज विचारायच्या.

“खरं म्हंजे मी भाजी द्यायला आले,” त्या म्हणाल्या, “पण रात्रीपासनं एक डोक्यात आलंय. तुझं सुतक, आणि वैजूचा तो दिवा. त्याचं काय करतीस?”

“दिवा तो दिवाच ना, बेबीताई.”

“काय की बाई. यंत्र आहे ते. यंत्राला कसलं सुतक? फ्रीज लावतीस का न्हाई?”

“फ्रीजला मी हात जोडत नाही.”

त्या हसल्या. “बरं, तुला नसंल लावायचा तर मी लावते. आमाला कुठं सुतक आहे? कुठं बोट ठेवायचं तेवढं सांग.”

आमचं थोडं बोलणं झालं. त्या भाजी ठेवून गेल्या.

दुपारी मी झोपले. दुपारी झोपायचं माझ्या आयुष्यात बाळंतपणानंतर हे पहिल्यांदा. उठले तर संध्याकाळ. देवघराची दारं लोटलेली, निरांजनाचा वास नाही, कुणाच्या जेवणाची वेळ नाही. टेबलाजवळून मी दोनदा गेले. रात्री आठलाच अंथरूण घातलं.

सकाळी नऊ वाजता टॅब उघडला. खोपट्यात अंधार होता. कोनाडा दिसत होता, दिवा दिसत होता, त्यावर काजळीही नव्हती. भिंतीवर नऊशे नव्वद होतं तिथे खडूने पुसल्यासारखा एक डाग, आणि त्याच्याखाली नव्याने लिहिलेला एक.

मी झाकण लावलं. त्यानंतर हात लावला नाही.

वन्सं शिबिर संपवून, गेल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी आल्या. हे तीन दिवसांपूर्वीच वाईहून परतले होते. दार मीच उघडलं. त्यांचा चेहरा उजळला होता, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. आवाज अगदी हळू झाला होता, माझ्यासारखा.

“वहिनी, मी रोज सात तास झोपत होते,” त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. “सात!” आणि चप्पल काढून सरळ बेसिनकडे गेल्या, हात धुवायला.

“वन्सं, नानाकाका गेले.”

त्यांनी नळ बंद केला. “कधी?”

“तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी.”

त्या ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत हिशेब होताना मला दिसला. काका, मग दिवस, मग सुतक, मग टेबल. हे मध्ये पडले. “वैजू, आता त्याला कुणाचाच इलाज नव्हता. तुझ्या वहिनीचं तुला माहीत आहे. सुतकात ती देवघराकडे तोंड करून बसतसुद्धा नाही.”

त्यांनी जाऊन टॅब उघडला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझंच चुकलं,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे देताना मी ह्याचा विचार करायला हवा होता. मला ते नुसतं चित्र वाटतं, तुम्हाला नाही वाटत, म्हणून तर मी तुमच्याकडे दिला. मग सुतकही तुम्ही त्याला लावणारच.” त्यांनी नाक पुसलं. “तुमचा धर्म तुम्ही पाळलात, वहिनी. मी तुम्हाला काही म्हणणार नाही.”

आणि त्याच वेळी उघड्या दारातून बेबीताई आल्या. हातात पिठल्याची कढई, वर भाकरी झाकलेल्या.

“आली का गं आमची दिवेवाली! किती राहिले आता? तीन का चार?”

वन्संनी टॅबचं झाकण लावलं.

“काय झालं?”

“विझला, बेबीताई,” वन्सं म्हणाल्या. “सुतक पडलं ना. वहिनींना लावता आला नाही.”

“कधी विझला?”

“नऊशे नव्वदवर. म्हणजे काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

बेबीताईंनी कढई टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग वन्संकडे. “असं कसं? त्या दिवशी तर मी आले होते. म्हटलं तुला नसंल लावायचा तर मी लावते. ही म्हणाली, लावला. सकाळीच लावला म्हणाली.”

त्यांना ते बोलून गेल्यावर कळलं. “माझी काय तरी ऐकण्यात…” असं पुटपुटत त्या पदर सावरून निघून गेल्या. दार तसंच उघडं राहिलं. ते लावायला हे उठले, आणि लावून तिथेच उभे राहिले.

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या, “तुम्ही बेबीताईंना लावला म्हणून सांगितलंत?”

“हो.”

“लावला नसताना.”

“हो.”

“का?”

एकतीस वर्षांच्या संसारात मला त्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी कुठलाही नेम का करते, मीठ का सोडते, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं. ह्यांच्याकडे बघितलं तर हे दाराची कडी बघत होते.

“मला शीण आला होता, वन्सं.”

“पाच मिनिटांचा?”

“पाच मिनिटांचा नाही. सगळ्याचा.” माझा आवाज चढला नाही, तो चढत नाही. “त्या दिवशी मी सातला उठले. अंघोळीआधी चहा प्यायले. मला कुणासाठी काही लावायचं नव्हतं. बेबीताई म्हणाल्या मी लावते, तेव्हा मला त्यांना आत घ्यावं लागलं असतं, शिकवावं लागलं असतं, रोज आठवण करावी लागली असती. म्हणजे पुन्हा ते माझंच झालं असतं. मी म्हटलं, लावला. त्या गेल्या. आणि मी झोपले.”

“तुम्हाला माहीत होतं ते माझ्यासाठी काय होतं.”

“माहीत होतं.”

“मग मी विचारलं तेव्हा नाही म्हणायचं होतंत! मी अजून एकदा रद्द केलं असतं!”

“मला नाही म्हणता येत नाही. ह्या घरात माझ्या वतीने नाही म्हणणारं एक सुतकच आहे. वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी जातं आणि मला दहा दिवस मिळतात. नानाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा, देवाशपथ सांगते, मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं.”

हे म्हणाले, “काय बोलतेस हे?” पण अगदी हळू म्हणाले.

वन्सं टॅब घेऊन आपल्या खोलीत गेल्या. दोन दिवस त्या ऑफिसला जायच्या, यायच्या, ताट वाढलं की जेवायच्या, माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बेबीताई जिन्यात भेटल्या की खाली बघायच्या. मी सातला उठत होते, पण ती झोप राहिली नव्हती. साडेचारलाच डोळा उघडायचा आणि मी छताकडे बघत पडायची. दोनदा मनात आलं, जाऊन पाय धरावेत. पण पाय धरून काय सांगणार होते? चुकून झालं असतं तर माफी मागता आली असती.

काका गेल्याच्या अकराव्या दिवशी सुतक सुटायचं होतं. मी साडेचारला उठले, डोक्यावरून पाणी घेतलं, ठेवणीतलं धुतलेलं नेसले आणि देवघराशी आले. तिथे अंधारात वन्सं पाटावर बसल्या होत्या. अंघोळ झालेली, केसांतून पाणी गळत होतं. मांडीवर टॅब.

“तुमचीही अंघोळ झाली?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“हो. आज त्या बाकीच्या पाच जणांचा हजारावा ना. साडेपाचला बदलतो दिवस. बसा.”

मी भिंतीला टेकून बसले. बाहेर कुठे तरी मिक्सर सुरू झाला, बंद झाला. साडेपाच झाले. पाच-सात मिनिटांनी टॅबवर एकामागून एक निरोप यायला लागले, टिकटिक टिकटिक. वन्सं वाचत होत्या. उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. मग त्यांनी टॅब माझ्याकडे वळवला. पोलंडच्या नर्सने चित्र पाठवलं होतं. मागचं बुटकं दार उघडं होतं.

“दिसतंय का आत काय आहे?”

मी चष्मा नीट केला. आत दुसरी खोली होती, जरा मोठी. तिच्यात दुसरा कोनाडा आणि त्यात दुसरा दिवा. पितळेचा, पाच वातींचा. भिंतीवर आकडा होता, एक.

“आणखी एक दिवा,” मी म्हटलं.

“मोठा.” वन्सं म्हणाल्या. “जपानचे आजोबा म्हणतायत, फार सुंदर आहे. ती शिक्षिका रडतीये आनंदाने.” त्यांनी टॅब पालथा ठेवला. मला वाटलं त्या रडतायत, पण त्या रडत नव्हत्या.

“वहिनी, आई गेली तेव्हा तुम्हाला तिने काय काय दिलं?”

“दागिने तर तुमच्याच…”

“दागिने नाही. नेम.”

सासूबाई जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरून एकेक सांगितलं होतं. त्यांचे नेम अर्धवट राहिले तर जीव अडकेल, असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं, “अकरा वाती. मंगळवारचं मीठ. प्रदोष. शुक्रवारच्या सवाष्णी. पोथी. चातुर्मासातलं एकवेळ.”

“आणि तुमचं स्वतःचं?”

मला आठवावं लागलं. “जप. आणि तुळस. माहेरून आणलेलं.”

“मी बाहेर बाकावर होते तेव्हा,” वन्सं म्हणाल्या. “दार उघडं होतं. तुम्ही म्हणालात, वन्संना नको का विचारायला, त्यांची आई आहे. आणि आई म्हणाली, वैजूला जमायचं नाही. तिला काही शेवटाला नेता येत नाही.”

मला हे माहीत नव्हतं. चौदा वर्षं मला वाटत होतं की ते फक्त मी ऐकलं.

“नऊशे शहाऐंशी दिवस मी रोज तो दिवा लावताना मनात आईला म्हणायची, बघ.” त्या उठल्या, देवघराची दारं उघडली, पळी-पंचपात्र बाहेर काढलं, नळाचं ताजं पाणी भरून आणलं. आणि माझ्यासमोर बसून उजवा तळहात पुढे केला. “सोडा उदक.”

“कशाचं?”

“आईचे नेम मला परत द्या. एकेक नाव घ्या आणि पाणी सोडा. मी तिची मुलगी आहे, माझा हक्क आहे.”

“वन्सं, तुम्हाला पहाटे उठणं… मीठ सोडणं… तुमची पित्ताची प्रकृती…”

“मी करणार नाही, वहिनी.”

मी पळीकडे नेलेला हात मागे घेतला.

“मी घेईन आणि करणार नाही. आई म्हणालीच होती जमायचं नाही म्हणून. तिने विचारलं तर मला विचारेल. तुम्हाला विचारणार नाही.” तळहात पुढेच होता. “सोडा. हात दुखतोय माझा.”

असं कुठल्या शास्त्रात बसतं, मला माहीत नाही. कुठल्या गुरुजींना मी ते कधी विचारलं नाही, आणि त्या वेळी विचारायला जागाही नव्हती. मी पळी भरली. अकरा वाती, म्हटलं, आणि पाणी सोडलं. मंगळवारचं मीठ. प्रदोष. शुक्रवारच्या सवाष्णी म्हणताना पळी जास्त भरली गेली आणि थोडं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. पोथी. चातुर्मास. सहा पळ्या. खाली ताम्हन ठेवायचं आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं, फरशीवर थारोळं झालं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

त्यांनी ओला हात कपाळाला लावला आणि उठल्या. दाराशी जाऊन वळल्या. “आणि वहिनी, दिव्याचं मी तुम्हाला माफ केलेलं नाही.”

“नका करू.”

“तुम्ही लावला म्हणालात, ते मला आयुष्यभर आठवेल.”

“मलाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी फरशी पुसली. देवांना अंघोळ घातली, एक साधी वात लावली, एकच. जप केला, तुळशीला पाणी घातलं. सगळं मिळून किती वेळ लागला असेल? घड्याळात बघितलं तर सव्वासहा. एरवी अजून तासभर तरी माझी पूजा चालायची, त्या वेळेत करायला माझ्याकडे काही नव्हतं. मी देवघरासमोर थोडी उभी राहिले. मग धुतलेलं बदलून खोलीत आले आणि अंथरुणावर आडवी झाले.

ह्यांना जाग आली. माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

“बरं नाही का वाटत?”

“बरं वाटतंय,” मी म्हटलं आणि पांघरूण वर ओढलं.